‘आवडतं’ की ‘लागतं’? घरच्या वायरिंगवरून इन्स्पेक्टरशी मतभेद झाला तर

माळ्यावर एक खोली काढायचं ठरलं तेव्हा तिचं वायरिंग मी स्वतःच करायला घेतलं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या राहत्या घरात परमिट काढून हे करता येतं. केबली ओढल्या, बॉक्स ठोकले आणि ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, लावण्याआधीची तपासणी मागवली. तिला रफ-इन म्हणतात. इन्स्पेक्टर आला, वीसेक मिनिटं टॉर्च मारत फिरला आणि जाताना जिन्याच्या खांबाला एक कागद चिकटवून गेला. कागदावर तीन ओळी होत्या. एक, कोपऱ्यातला बॉक्स प्रमाणाबाहेर भरलाय. दोन, जिन्याच्या कठड्यापाशी आउटलेट, म्हणजे प्लग लावायचं सॉकेट, नाही. तीन, एसीला बारा गेजची वायर चालणार नाही, दहा गेजची ओढा (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). वर तोंडी एक सूचना: आउटलेट बसवताना ग्राउंडचं, म्हणजे अर्थिंगचं, भोक वरच्या बाजूला येऊ द्या.

चारही मुद्द्यांवर मला तो साफ चुकलेला वाटला. रात्री कोड उघडून बसलो आणि दोन मुद्द्यांवर तोंडावर आपटलो. उरलेल्या दोन मुद्द्यांवर मात्र माझंच बरोबर निघालं. घरच्या वायरिंगवरून होणारे बहुतेक वाद या चारांपैकी कुठल्या तरी एका साच्यात बसतात, म्हणून हे चारही जरा उकलून सांगतो.

आधी कोड म्हणजे काय ते. इथल्या घरांच्या वायरिंगचा आधार म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, थोडक्यात एनईसी. नाव ‘नॅशनल’ असलं तरी तो सरकारने केलेला कायदा नाही. १८९७ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक १९११पासून नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही ना-नफा संस्था सांभाळते. दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते. पुस्तकाला कायद्याचं बळ मिळतं ते राज्याने किंवा शहराने ते स्वीकारल्यावर, आणि स्वीकारताना जो तो आपापली भर घालतो, काटछाट करतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन राज्यांत एकीकडे २०२३ची आवृत्ती लागू आणि दुसरीकडे अजून आधीचीच, हे अगदी नेहमीचं आहे. शिकागोत तर घराच्या भिंतीतली वायरसुद्धा धातूच्या पाइपातून न्यावी लागते. बाकी देशभर सर्रास वापरली जाणारी प्लॅस्टिकच्या आवरणाची केबल तिथे चालत नाही. म्हणजे ‘कोडमध्ये असं लिहिलंय’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या गावातला कोड आणि कुठल्या सालचा, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

आणखी एक गोम आहे. पुष्कळ ठिकाणी एकदोन कुटुंबांच्या घरांना इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड लागू असतो. त्यातली ३४ ते ४३ ही प्रकरणं विजेची आहेत आणि ती एनईसीमधूनच उचललेली आहेत. मजकूर तोच, पण कलमांचे आकडे वेगळे. इन्स्पेक्टर एका पुस्तकातला आकडा सांगतो, तुम्ही दुसरं पुस्तक चाळत बसता आणि ‘असं कलमच नाही’ म्हणून जिंकल्याचा आनंद होतो. तो फार टिकत नाही.

आता अधिकाराचं. एनईसीच्या अगदी सुरुवातीला ९०.४ हे कलम आहे. नियमांचा अर्थ लावण्याची, साहित्य मंजूर करण्याची आणि विशेष परवानगी देण्याची जबाबदारी ते स्थानिक यंत्रणेवर टाकतं. कोडच्या भाषेत तिला ‘अथॉरिटी हॅविंग ज्युरिसडिक्शन’ असं भारदस्त नाव आहे. व्यवहारात ही यंत्रणा म्हणजे तुमच्या दारात टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस. लोक इथे दोन टोकांना जातात. काहींना वाटतं, इन्स्पेक्टर म्हणेल ती पूर्व दिशा. काहींना वाटतं, पुस्तक आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर याला विचारतो कोण. दोन्ही समजुती चूक. अर्थ लावायचा अधिकार त्याला आहे, पण अर्थ लावायला समोर मजकूर असावा लागतो. पुस्तकात मुळातच नसलेली गोष्ट तो मनाने त्यात घालू शकत नाही. ते काम ज्यांनी कोड स्वीकारला त्या राज्याचं किंवा शहराचं.

मग मजकूर वाचायचा कसा? ९०.५ या कलमात त्याची किल्ली आहे. वाक्यात ‘शॅल’ आलं की बंधन. ‘शॅल बी परमिटेड’ आलं की मुभा: असं केलंत तर चालेल, करायलाच हवं असं नाही. आणि ‘इन्फॉर्मेशनल नोट’ म्हणून खाली बारीक अक्षरात काही असेल तर ती नुसती माहिती, तिची सक्ती होत नाही. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे व्होल्टेजची घट. लांबच्या सर्किटवर ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ नये, असं अनेक इलेक्ट्रिशियन नियम म्हणून सांगतात. घरच्या साध्या सर्किटांपुरता तो नियम नाही, नुसती टीप आहे. सल्ला उत्तम आहे, मी स्वतः पाळतो, पण त्यावरून कुणाला नापास करता येत नाही.

मुभेची कलमं तर लोकांना माहीतच नसतात. १९६०च्या दशकाआधीच्या घरांत दोन भोकांचे आउटलेट असतात, कारण भिंतीत ग्राउंडची तारच नसते. तिथे तीन भोकांचा आउटलेट हवा असेल तर भिंती फोडून नवी वायर ओढावी लागेल, असं अनेकांना सांगितलं जातं. कलम ४०६.४(डी) वेगळा रस्ता देतं. जुना आउटलेट काढून त्या जागी जीएफसीआय बसवा आणि त्यावर ‘नो इक्विपमेंट ग्राउंड’ अशी चिठ्ठी लावा. जीएफसीआय हे उपकरण गेलेला आणि परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतं. ४ ते ६ मिलिअँपिअरची तफावत दिसली की ते सर्किट तोडतं. तेवढा प्रवाह वाट चुकून माणसाच्या अंगातून जात असू शकतो, हे त्यामागचं गणित. ही तुलना करायला ग्राउंडच्या तारेची गरजच नसते. १९६१ साली बर्कलीच्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी हे उपकरण शोधलं आणि १९७५च्या कोडने ते बाथरूममध्ये सक्तीचं केलं. एक मात्र लक्षात ठेवायचं: यामुळे माणूस वाचतो, पण ग्राउंड काही येत नाही. ज्या यंत्राला खरोखर ग्राउंड लागतं त्याची सोय वेगळी करावी लागते.

आता माझा कागद. पहिली ओळ बॉक्सची.

भिंतीतल्या ज्या डबीत आउटलेट बसतो तिला बॉक्स म्हणतात. माझ्या कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये तीन केबली येत होत्या. एक पॅनेलकडून, म्हणजे ब्रेकरच्या पेटीकडून, येणारी, दोन पुढे जाणाऱ्या. प्रत्येकीत एक काळी, एक पांढरी आणि एक उघडी ग्राउंडची तार. सगळं दुमडून छान आत बसत होतं. ‘बसतंय की’ हा माझा युक्तिवाद होता. कोडला बसण्याशी देणंघेणं नाही, तो घन इंच मोजतो. कलम ३१४.१६चा हिशेब असा: बारा गेजच्या प्रत्येक तारेला सव्वादोन घन इंच जागा. काळ्या-पांढऱ्या मिळून सहा तारा, म्हणजे साडेतेरा. ग्राउंडच्या तिन्ही तारा मिळून एकच धरायची, सव्वादोन. आउटलेट स्वतः दोन तारांइतकी जागा खातो, साडेचार. एकूण सव्वावीस. माझ्या बॉक्सच्या आत, मागच्या बाजूला, प्लॅस्टिकमध्येच आकडा उमटवलेला होता: १८.

सव्वादोन घन इंच कमी. मौज म्हणजे हेच वायरिंग मी चौदा गेजच्या तारेने केलं असतं तर दर तारेला दोन घन इंच धरून बेरीज बरोबर अठरा आली असती आणि बॉक्स पास झाला असता. पंधरा अँपिअरच्या सर्किटला चौदा गेज पुरतं. ‘जास्त जाड म्हणजे जास्त चांगलं’ या हौसेने मी बारा गेज घेतलं होतं.

आणि हा नियम उगाच नाही. डबीत तारा कोंबल्या की आउटलेट आत ढकलताना त्या त्याच्या कडांवर दाबल्या जातात. आवरण सोलवटतं, स्क्रूखालची पकड ढिली होते, आणि ढिल्या जोडातून प्रवाह गेला की तो तापतो. भिंतीआड काय चाललंय हे मग वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. अठराचा बॉक्स काढून थोडा खोल बॉक्स लावायला मला अर्धा तास लागला. त्याविरुद्ध भांडायची तयारी मी त्याआधी दोन तास केली होती.

दुसरी ओळ कठड्याची, आणि ही माझी आवडती, कारण इथे वाद शब्दाच्या अर्थाचा होता. कलम २१०.५२ म्हणतं की खोलीच्या भिंतीलगतचा कुठलाही बिंदू आउटलेटपासून ६ फुटांपेक्षा लांब असता कामा नये, आणि २ फूट किंवा त्याहून रुंद असलेली प्रत्येक भिंत या मोजणीत येते. माझ्या भिंतींवर आउटलेट बरोबर होते. टेप लावून मोजले होते. पण माळ्यावर जिना जिथून वर येतो त्या भोकाभोवती नऊ फुटांचा लाकडी कठडा आहे. कठडा म्हणजे कठडा, त्यातून आरपार दिसतं. त्याला भिंत कोण म्हणेल?

कोड म्हणतो. त्याच कलमात, ‘भिंत’ म्हणून काय काय धरायचं याच्या यादीत, खोली विभागणारे पक्के अडसर येतात आणि उदाहरण म्हणून कठड्याचा उल्लेख नाव घेऊन केलाय. हे वाचल्यावर आधी हसू येतं. मग कारण कळलं की पटतं. दिव्याला, पंख्याला, छोट्या उपकरणांना येणारी वायर साधारण सहा फुटांची असते. माणूस खुर्ची आणि दिवा कठड्याला टेकवूनच ठेवतो. तिथे आउटलेट नसेल तर एक्स्टेन्शनची वायर जमिनीवरून, सतरंजीखालून नेतो. ती पायाखाली तुडवली जाते आणि कधीतरी पेट घेते. कोडला कठड्याच्या जाळीतून काय दिसतं याची फिकीर नाही, सतरंजीखाली काय जाईल याची आहे.

उपाय जमिनीतल्या आउटलेटचा. त्यातही दोन अटी निघाल्या. तो कठड्यापासून १८ इंचांच्या आत असला तरच मोजणीत धरला जातो. आणि साधा बॉक्स जमिनीत पुरून चालत नाही, जमिनीसाठी म्हणून प्रमाणित केलेला बॉक्सच लागतो. दुसरी अट मला दुकानातल्या माणसाने सांगितली, नाहीतर कागदावर चौथी ओळ आली असती.

एकंदरीत, कोडमधला आकडा विचित्र वाटला तर त्याचं कारण शोधावं. वाद घालायचा की मुकाट्याने करायचं, हे त्यावरून लवकर ठरतं. भिंतीतल्या लाकडी खांबाला भोक पाडून त्यातून केबल न्यायची तर भोकाची कड खांबाच्या काठापासून सव्वा इंच आत हवी, नाहीतर पोलादी पट्टी ठोकायची. सव्वाच का? अर्ध्या इंचाची ड्रायवॉल आणि तिला कधीकधी मारला जाणारा १ ५/८ इंचाचा स्क्रू घ्या. तो लाकडात १ १/८ इंच शिरतो. स्क्रूचं टोक आणि केबल यांच्यात जेमतेम दोऱ्याएवढं अंतर उरतं. ‘इंचभर तर सोडलंय’ म्हणून इन्स्पेक्टरशी हुज्जत घालणाऱ्याने हा स्क्रू एकदा पट्टीशेजारी धरून पाहावा.

आता तिसरी ओळ, एसीची. इथे मी बरोबर होतो, पण का, ते सांगायला जरा वेळ लागेल. हा वाद इतका जुना आणि इतका नेहमीचा आहे की पुष्कळ मुरलेले लोकही त्यात अडखळतात.

सगळ्यांना पाठ असलेला नियम असा: चौदा गेजला १५ अँपिअरचा ब्रेकर, बारा गेजला २०चा, दहा गेजला ३०चा. ब्रेकरचं काम वायरला जपणं. वायर झेपेल त्याहून जास्त प्रवाह वाहायला लागला की ब्रेकरने पडलं पाहिजे. मी एसीच्या सर्किटला ३०चा ब्रेकर लावला होता आणि वायर बारा गेजची. वरवर पाहिलं तर हा गुन्हाच. इन्स्पेक्टरने पॅनेल उघडलं, तिसाचा ब्रेकर आणि त्याखालची पिवळी केबल पाहिली आणि ओळ लिहून टाकली. बारा गेजच्या केबलचं आवरण पिवळं असतं, दहाचं नारिंगी, त्यामुळे हे लांबूनच दिसतं.

पण वर दिलेला नियम ज्या कलमात आहे, २४०.४(डी), त्याच्या सुरुवातीलाच अपवादांची दारं उघडी ठेवली आहेत, आणि २४०.४(जी)मधल्या तक्त्यात एसीला सरळ कलम ४४०कडे धाडलंय. ४४० वेगळं का? कारण कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. ब्रेकर नेहमीच्या प्रवाहाच्या मापाचा ठेवला तर तो एसी चालू होतानाच पडेल. म्हणून इथे कामाची वाटणी केली आहे. कॉम्प्रेसरवर जास्त भार आला तर त्याला थांबवणारी रचना युनिटच्या आतच असते. तीच वायरलाही अतिभारापासून वाचवते, कारण त्या वायरवर दुसरं काहीच नसतं. ब्रेकरकडे उरतं ते एकच काम, शॉर्टसर्किट किंवा ग्राउंडला चिकटलेली तार. तिथे प्रवाह शेकडो अँपिअरमध्ये जातो आणि ब्रेकर विसाचा असो की तिसाचा, चटकन पडतो.

म्हणून एसीच्या बाहेरच्या युनिटवर धातूची किंवा चिकटवलेली एक पाटी असते आणि तिच्यावर दोन वेगळे आकडे असतात. एक ‘किमान सर्किट क्षमता’. वायर निवडायची ती यावरून. दुसरा ‘कमाल ब्रेकर’. माझ्या पाटीवर पहिला आकडा १७.८ होता आणि दुसरा ३०. पहिला कसा आला तेही पाटीवरूनच काढता येतं: कॉम्प्रेसरचा नेहमीचा प्रवाह १३.५, त्यात त्याचाच पाव भाग मिळवला की १६.९ च्या आसपास, वर पंख्याचे ०.९. बारा गेजची घरगुती केबल २० अँपिअर झेपवते. १७.८ला ती पुरून उरते. आणि ब्रेकर तिसापर्यंत चालतो. म्हणजे दोन्ही बरोबर. दहा गेज ओढली असती तर बिघडलं काहीच नसतं, पण ‘ओढायलाच हवी’ हे खरं नाही.

इथे कलम ११०.३(बी) आठवावं. प्रमाणित उपकरण त्याच्यासोबतच्या सूचनांनुसार बसवलं पाहिजे, असं ते म्हणतं. म्हणजे पाटी आणि माहितीपत्रक हाही एक प्रकारे कोडच होतो. पण ही तलवार दुधारी आहे. पाटीने इथे मला वाचवलं, पण उद्या एखाद्या उपकरणाच्या पत्रकात ‘स्वतंत्र सर्किट द्या’ असं असेल तर कोडच्या पुस्तकात ते वाक्य नाही म्हणून सुटका होत नाही.

चौथा मुद्दा ग्राउंडच्या भोकाचा. आउटलेटची दिशा एनईसीने कुठेच ठरवलेली नाही. भोक वर, खाली, आडवं, कसंही चालतं. वर असावं म्हणणाऱ्यांचा तर्क वाईट नाही: प्लग अर्धवट सुटला आणि वरून एखादी धातूची वस्तू पडली तर ती आधी ग्राउंडच्या खुंटीला लागेल. पण तर्क चांगला असणं आणि नियम असणं यांत फरक आहे. मी त्याला तिथेच विचारायला हवं होतं, हे तुम्हाला आवडतं की लागतं? विचारलं नाही, कारण तेव्हा मी एसीवरून धुमसत होतो. असाच आणखी एक प्रकार: २० अँपिअरच्या सर्किटवर १५चे आउटलेट चालत नाहीत, असं सांगणारे इन्स्पेक्टरही भेटतात आणि दुकानदारही. एकाहून जास्त आउटलेट असलेल्या सर्किटवर ते खुशाल चालतात, २१०.२१मधल्या तक्त्यात तसं लिहिलंय. जोडआउटलेट असेल तर तो एकच असला तरी दोन मोजले जातात.

या सगळ्यात एक करडा पट्टाही आहे. काम ‘व्यावसायिक आणि कसबी’ पद्धतीने झालेलं असावं, असं कलम ११०.१२ म्हणतं. २०२३च्या आधी तिथे ‘नीटनेटकं आणि कारागिराला साजेसं’ अशा अर्थाचे शब्द होते. केबली लोंबत असतील, बॉक्स तिरके असतील तर इन्स्पेक्टर या कलमावर बोट ठेवू शकतो आणि तिथे त्याचं मत तुमच्या मतापेक्षा जड असतं. इथे भांडू नये. केबली सरळ कराव्यात.

बोलायचं कसं, तर लेखी मागावं आणि कलमाचा आकडा मागावा. बहुतेक ठिकाणी हरकतीबरोबर कलम सांगितलं जातं, नाही सांगितलं तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारण्याचा सूर मात्र ‘दाखवा कुठे लिहिलंय’ असा नको, ‘वाचून घेतो, कलम सांगता का’ असा हवा. शब्द जवळपास तेच, परिणाम फार वेगळा. या माणसाच्या दिवसभरात डझनभर घरं असतात आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी कुणीतरी त्याला इंटरनेटवरचं काहीतरी वाचून दाखवलेलं असतं. मिळालेलं कलम मग कोड काढणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट वाचता येतं, फक्त नावनोंदणी करावी लागते. नुसतं तेवढंच कलम वाचू नका. त्याखालचे अपवाद वाचा, पहिल्या प्रकरणातल्या व्याख्या वाचा, आणि शहराच्या साइटवर स्थानिक दुरुस्त्या आहेत का ते बघा. माझा कठडा असाच निसटला होता. मी नियम वाचला होता, त्याखालची यादी वाचली नव्हती.

मी सकाळी, इन्स्पेक्टर फिरतीवर निघायच्या आत, त्याच्या ऑफिसला फोन लावला. बॉक्स आणि कठडा यांचं तुमचं बरोबर आहे, दुरुस्त करतोय, हे आधी सांगितलं. मग म्हटलं, एसीच्या पाटीवर १७.८ आणि ३० आहे, ४४० वाचलं, माझ्याकडून काय सुटतंय? तो दोन क्षण गप्प बसला आणि म्हणाला, पाटी मी पाहिली नव्हती, आल्यावर बघतो. एवढंच. आधीच्या रात्री मी मनातल्या मनात जे भाषण तयार केलं होतं त्यातलं एक वाक्यही लागलं नाही.

तसं झालं नसतं तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. इन्स्पेक्टरच्या वर मुख्य इन्स्पेक्टर असतो. त्याला कलम, फोटो आणि पाटीचा मजकूर लिहून पाठवायचा. हे पाठीमागून नाही, सांगून करायचं: ‘यावर तुमच्या वरिष्ठांचं मत घेतलं तर चालेल ना?’ प्रामाणिक इन्स्पेक्टर याला हरकत घेत नाही, कधीकधी त्यालाही सुटका हवी असते. त्याच्या वर अपील मंडळ. रेसिडेन्शिअल कोडनुसार अपिलाला तीनच आधार चालतात: कोडचा अर्थ चुकीचा लावलाय, किंवा तो नियम या कामाला पुरता लागूच होत नाही, किंवा तुम्ही सुचवलेला पर्याय तितकाच चांगला किंवा सरस आहे. मंडळाला नियम माफ करायचा अधिकार नाही. म्हणजे ‘आता भिंत बंद केली आहे’, ‘खर्च फार होतोय’, ‘शेजाऱ्याकडे चालवून घेतलं’ यातलं काहीही तिथे चालत नाही. संस्थेकडून कलमाचा अधिकृत अर्थही मागवता येतो, पण तो स्थानिक यंत्रणेवर बंधनकारक नसतो आणि वेळ बराच जातो. तोवर खोली उघड्या खांबांची राहते.

परवानाधारक इलेक्ट्रिशियन सहसा अपिलात का जात नाहीत, हेही समजून घ्या. त्याला पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी त्याच इन्स्पेक्टरसमोर उभं राहायचंय. एका घरातल्या दहा मीटर वायरसाठी तो ते नातं पणाला लावणार नाही. तुम्ही त्याला कामाला लावलं असेल आणि तो ‘जाऊ द्या, बदलून टाकतो’ म्हणाला तर तो घाबरट आहे असं नाही, त्याचा हिशेब वेगळा आहे. माझं स्वतःचं मत असं: दुरुस्ती अर्ध्या दिवसाची असेल आणि तिने कामाचा दर्जा बिघडत नसेल तर इन्स्पेक्टर चूक असला तरी एकदा विचारावं आणि नाहीच ऐकलं तर करून टाकावं. पण सांगितलेली दुरुस्ती स्वतःच धोक्याची असेल, किंवा भिंती फोडायला लावणारी असेल, तर मुख्य इन्स्पेक्टरपर्यंत जरूर जावं. एक मात्र कधीच करू नये, पास व्हायच्या आधी ड्रायवॉल लावणं. ती काढायला लावायचा अधिकार त्याला निर्विवाद आहे, आणि ते अपील कुणीच जिंकत नाही.

चार दिवसांनी तो परत आला. आधी बाहेर गेला, युनिटसमोर उकिडवा बसला, पाटीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि टॉर्च तिरका धरून दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. कागदावरची तिसरी ओळ खोडून तिच्यापुढे ४४० लिहिलं. वर येऊन बॉक्समध्ये डोकावला, जमिनीतल्या बॉक्सवरची प्रमाणपत्राची खूण शोधली आणि सही केली. शेवटच्या तपासणीला पुन्हा तोच आला. तोवर आउटलेट बसले होते आणि सगळ्यांची ग्राउंडची भोकं खालच्या बाजूला होती. खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने एकेका आउटलेटवरून नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, आणि टेस्टर खिशातून काढून पहिल्या आउटलेटमध्ये खुपसला.